उतरायच्या दाराने चढणारे मासे

मेहुणा समुद्रसहलीहून परतला तो दारातूनच हसत आला. चपलासुद्धा न काढता म्हणाला, "भाऊजी, तुम्ही ड्यूटीवर ढोसत होता, हे ताईने आम्हाला कधी कळू दिलं नाही!"

ड्रायव्हरकाकांचा चहा कपातून बशीत आणि बशीतून लेंग्यावर गेला. सगळी नोकरी एका शहरबसच्या स्टिअरिंगवर गेली होती. बसला कधी ओरखडा नाही आणि ओठाला कधी थेंब नाही. बस म्हातारी झाली तेव्हा तिचं इंजिन, तेल, काचा काढून घेतल्या आणि क्रेनने तिला समुद्रात अलगद उतरवलं. हेतू असा, की तिच्यावर प्रवाळ वाढावं, आत मासे राहावेत आणि लोकांनी तिकीट काढून ते बघावं. आत्मा गेलेल्या देहाचे एवढे लाड सहसा कुणी करत नाही.

"तिथला पाणबुड्या सांगतो," मेहुणा रंगात आला, "ड्रायव्हर पिऊन तर्र, बस कड्यावरून खाली! बायका डोळे पुसतात हो."

"आणि तू गप्प बसलास?" बायको कडाडली.

"ताई, मलाच रडू येत होतं."

रविवारी काका बायकोला घेऊन बोटीवर हजर झाले. "आधी देवाचं नाव घ्या, मग भांडा," तिने बजावलं होतं. बोटीने आधी प्रवाळांची बाग दाखवली, मग कुठल्याशा जहाजाचा गंजका नांगर. शेवटी बसजवळ बोटीचं इंजिन बंद झालं आणि उघड्या छातीच्या पाणबुड्याने चेहरा सुतकी केला. दारू, कडा, किंकाळ्या, सगळं यथासांग झालं. काका दात आवळून बसले. आधी बसला बघू, मग याला बघू, असं त्यांनी ठरवलं होतं.

पोहता येत नव्हतं. अंगात फुगीर जाकीट, हातात रबरी कडं, तोंडात श्वासाची नळी अशा थाटात त्यांनी पाण्यात तोंड घातलं, आणि राग विसरले. खाली वाळूवर चारही चाकांवर ती उभी होती, स्टॉपला लागल्यासारखी. टपावर जांभळं प्रवाळ फुललं होतं. खिडक्यांतून पिवळे मासे डोकावत होते. त्यांच्या सीटवर जाड ओठांचा एक मासा बसला होता. देवाने स्वतः मत्स्यरूप घेतलं तेव्हाही एवढा भाव खाल्ला नसेल.

तेवढ्यात माशांचा एक घोळका पुढच्या दाराने आत शिरला. चढायचं मागून, उतरायचं पुढून, हे काकांनी जन्मभर ओरडून सांगितलेलं. आताही ते ओरडले. नळी सुटली आणि समुद्र आत आला.

बोटीवरच्या दोघांनी बखोटीला धरून त्यांना बोटीत ओढलं. "पुढच्या... दाराने... चढताहेत!" ते खोकत म्हणाले. "मी... ड्रायव्हर... या बसचा!"

एका बाईने आपलं मूल जवळ ओढलं. एका जाडजूड गृहस्थाने मायेने विचारलं, "आता सोडलीत ना?"

"काय?"

"दारू हो."

"अहो, यांना खोकल्याच्या औषधानेही गरगरतं!" बायको उसळली. "मी नुसता मध चाटवते!"

पाणबुड्याने काकांना बोटीच्या टोकाला नेलं. "काका, चुकलं. पण वय झालं म्हणून निवृत्त झालेली बस बघायला कोण येतं? तशी माझ्या घरी सासू आहे. असं करू, ब्रेक निकामी झाले आणि तुम्ही सगळ्यांना वाचवून शेवटी उडी मारली. चालेल?"

"घ्या की," बायको कुजबुजली.

काकांची छाती जाकिटाच्या आत क्षणभर फुगली. मग ते म्हणाले, "माझ्या बसचे ब्रेक? आमचा मेकॅनिक रोज खाली आडवा होऊन तपासायचा. त्या गरिबाला कशाला बुडवतोस?"

"मग कंडक्टर प्यायला होता. आहे का तो?"

"वारला."

"मग अडचणच नाही!"

काका घुटमळले. कंडक्टरने वर्षानुवर्षं त्यांच्या डब्यातली भाजी पळवली होती. "नको," ते शेवटी म्हणाले. "वर गेल्यावर पहिली गाठ त्याचीच पडायची."

"अहो, पण कुणीतरी बुडायला हवं ना!" पाणबुड्या रडकुंडीला आला.

"हे काय, हे बुडाले की आत्ता," बायको म्हणाली.

पाणबुड्याने काकांकडे पाहिलं. मग तो उड्या मारतच मधोमध गेला. "मंडळी, मघाशी मी थापा मारल्या! ही बस जन्मात कुठे धडकली नाही. हिचा ड्रायव्हर थेंबभर प्यायला नाही. पहिला घोट घेतला तो आत्ता, तुमच्यादेखत, खाऱ्या पाण्याचा! आणि का? तर मासे उतरायच्या दाराने चढले म्हणून!"

बोट हसून डुलायला लागली. जाडजूड गृहस्थ काकांच्या पाठीत थापा मारत होता. बायको मात्र नवऱ्याचा चेहरा न्याहाळत होती.

काकांनी नाक पुसलं. ऐकलेला शब्द न् शब्द मनात तपासला.

"एक घोट नाही," ते म्हणाले. "तीन-चार तरी होते. खरं सांगतोस तर पुरतं सांग."