तेवीस मार्चच्या आधी

मला कागद कळतात. बाकी काही कळतं असा माझा दावा नाही. बायको म्हणते कागदही कळत नाहीत, पण ती कुडाळला असते, तिला काय माहीत! ओमानात रुसैलच्या आमच्या पाइपच्या कारखान्यात निर्यातीचे कागद एकोणीस वर्षं मी करतो. पोलादी पत्र्याची गुंडाळी आत येते, पाइप होऊन बाहेर पडते, आणि माझ्या सहीशिक्क्याशिवाय एक नळकांडं गेटाबाहेर जात नाही. लोक मला भानूभाऊ म्हणतात आणि अडलं की माझ्याकडेच येतात.

मार्च २०१८मध्ये अमेरिकेने जाहीर केलं, की बाहेरून येणाऱ्या पोलादावर तेवीस तारखेपासून शेकडा पंचवीस जकात. कारण काय, तर देशाच्या सुरक्षेला धोका. आमचा निम्मा माल ह्यूस्टनला जायचा. ओमानचा अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार आहे. त्याचे दाखले भरून भरून माझी बोटं वाकडी झाली. मग आम्हाला जकात कशी? मंत्रालयात फोन केला, तर ते म्हणाले अभ्यास चालू आहे, इन्शाल्ला. व्यापाऱ्यांच्या सभेला गेलो, तिथे समोसे चांगले होते. एका पेपरात ओमानला सूट मिळणार असं होतं, दुसऱ्यात मिळणार नाही असं होतं, आणि दोन्हींत फोटो एकच होता.

जेवणाच्या सुट्टीत जनार्दन आला. दुसऱ्या पाळीचा फोरमन, आमच्याच कुडाळकडचा.

"भाऊ, आमचो पाइप थंय जाऊन तेंचा काय वाकडा करतलो?"

"माका काय विचारतस? तेंका विचार."

त्याचा खरा प्रश्न वेगळा होता. अकरा वर्षं कंपनीच्या खोलीत सहा जणांत काढल्यावर तो फोरमन झाला, तेव्हा कुठे बायकोमुलीला आणायचा व्हिसा त्याला मिळाला होता. अल् घुब्रात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, उर्वीच्या शाळेचा फॉर्म भरला होता. ह्यूस्टनचा माल थांबला तर दुसरी पाळी बंद, आणि दुसरी पाळी बंद म्हणजे जनार्दन घरी.

"तिकिटा काढू काय?"

"काढ," मी म्हटलं. "माझो शबूद."

शब्द मी हवेत दिला नव्हता. ह्यूस्टनवाल्याने कळवलं होतं, की जकातीआधीचा माल द्याल तितका घेतो. चाळीस कंटेनर तेवीसच्या आत जहाजावर चढवले तर तीन महिने निवांत, आणि तोवर सूट मिळेलच, असा माझा हिशेब.

माल जहाजावर चढला की त्याचा एक कागद मिळतो, आम्ही त्याला बी.एल. म्हणतो. त्यावरची तारीख म्हणजे आमच्या धंद्यात काळ्या दगडावरची रेघ. बँक तीच बघते, विमावाला तीच बघतो, गिऱ्हाइकाशी वाजलं की तीच काढून दाखवायची. तेवीस तारीख वाचल्यावर ती नक्की कसली तारीख, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

शिवला तो खुदेजा मॅडमच्या. ती एक्सपोर्ट मॅनेजर, इथलीच ओमानी, दोन वर्षांपूर्वी इब्रा गावाहून आलेली, तिशीचीही नसेल. मी तिच्या हाताखाली होतो, निदान कागदावर.

"भानू, ये तारीख लोडिंग का है, या उधर पहुँचने का?"

"मॅडम, उन्नीस साल से कर रहा हूँ. बी.एल. का डेट ही डेट होता है."

"एक बार पूछ लें? कुवैतवाला भी माल माँग रहा है. उसको दे दिया तो टेन्शन खलास."

"पूछने में चार दिन जाएगा. तब तक जहाज निकल जाएगा."

ती म्हणाली, "ठीक है. यल्ला, करो."

दहा दिवस दोन्ही पाळ्या शुक्रवारीसुद्धा चालल्या. जनार्दन तांबारलेल्या डोळ्यांनी लाइनवर उभा असायचा. वीस तारखेला सोहारच्या बंदरातून जहाज सुटलं आणि मी ऑफिसात पेढे वाटले. हो, पेढे!

बावीसला सूट मिळालेल्या देशांची यादी आली. त्यात ओमान नव्हता. मी म्हटलं नसू दे, आपला माल सुटला. चार दिवसांनी ह्यूस्टनहून मेल आली. जकात लागते ती माल तिथल्या कस्टममध्ये दाखल होईल त्या दिवशीची, आणि आमचं जहाज पोचायला अजून महिना होता. चाळीसही कंटेनरवर जकात, त्यातली निम्मी तुम्ही सोसा, पुढच्या ऑर्डरी रद्द.

मी ती मेल तीनदा वाचली. माल यार्डात पडून राहिला असता तर निमूट कुवेतला गेला असता. मी घाई करून तो जिथून वळवता येत नाही तिथे नेऊन ठेवला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे शहाणा मी आणि बैल जनार्दनचा.

अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, मीटिंग बोलावली. हा निर्णय कुणाचा, असं त्याने अरबीत विचारलं. खुदेजा मॅडम म्हणाली, माझा. तेवढी अरबी मला येते. मी समोर फाइल उघडून बसलो होतो आणि तिच्यातलं एक अक्षर वाचत नव्हतो. मला लाज वाटली, भयंकर वाटली, आणि तरी मी बोललो नाही. तिची बदली गोदामावर झाली. दुसरी पाळी मेअखेर बंद करायचं ठरलं.

नोटीस मिळाल्यावरच्या शुक्रवारी जनार्दनने मला जेवायला बोलावलं. त्याची बायको रेखा आणि उर्वी येऊन पंधरा दिवस झाले होते. सुट्टीचा वार, तरी उर्वी नवा गणवेश घालून बसली होती. रेखाने सुरमईचं कालवण केलं होतं.

"त्या बाईन घालवल्यान," जनार्दन म्हणाला. "काल इलेली पोरगी, तिका कागद काय कळतले? तुमका विचारल्यान असता तर ह्या झाला नसता."

मी वाटी खाली ठेवली.

"तिना विचारलेल्यान," मी म्हटलं. "मीच सांगलंय, जहाजार चढवा म्हणान. चूक माझी."

जनार्दन हसला. "भाऊ, तुमी उगाच तिका सांभाळतास. मोठ्या मनाचे तुमी."

"अरे, खरा सांगतंय."

"जेवा ओ," म्हणत त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

मी पुरता गोंधळलो. चूक लपवायची कशी ते मला जमलं होतं. कबूल केलेली चूक समोरचा घेतच नसेल तर काय करायचं, ते ठाऊक नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, तो घेत नाही म्हणून मला थोडं बरंही वाटलं.

रेखा मात्र हसली नव्हती. हातातला डाव तिने पातेल्यात ठेवला.

"खरा, भाऊ?"

"खरा."

"मगे आमका तिकिटा काढूक कित्याक सांगलात? चेडवाची शाळा सोडून इलंव आमी."

जनार्दनचा घास हातातच राहिला होता. तो आता माझ्याकडे बघत होता.