भिंतीवर लावायचा फोटो

फोटोवाली बाई आमच्या गावाला, मंठाळला आली ती थेट बेंगळुरूहून, स्वतःच्या गाडीनं. ‘देशोदेशीच्या रोजच्या बायका आणि त्यांचं सौंदर्य’ असं तिचं पुस्तक निघणार होतं. माझं हिंदी जरा बरं, म्हणून मधे बोलायला मी. पहिला फोटो आमच्या मायचाच काढा म्हणाले आणि डोक्याला ताप करून घेतला.

मायला फोटो हवा होता भिंतीसाठी. आज्जी गेली तेव्हा घरात तिचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. माय तो पुसता पुसता म्हणते, “माझं असं करू नगा.”

म्हणून ती न्हाली, बुद्ध पौर्णिमेचं पांढरं पातळ नेसली, पावडर लावली आणि दारात खुर्ची टाकून बसली.

बाईचं तोंड पडलं. “हे नको. रोजचे कपडे घाला. हात शेणाचे असले तरी चालतील.”

“तिला इचार,” माय म्हणाली, “ती सोताचा फोटू शेण लावून काढती का?”

मी फक्त ‘नको म्हणतेय’ एवढंच सांगितलं.

“मग मोठं कुंकू तरी लावा. चेहरा उठून दिसेल.”

“मी लावत न्हाई.”

आम्ही बौद्ध, हे सांगायला मी तोंड उघडते न उघडते, तोच बाईनं पांढऱ्या पातळाकडं पाहिलं, मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि मायचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी!

“नवरा कधी गेला?”

एवढं हिंदी मायला कळतं. शेजारी बाजेवर अप्पा चहा पीत बसले होते.

“मी गेलो व्हय, मंगल?” अप्पा म्हणाले. “सांगायचं तरी.”

माय उठलीच. “आंधळी हाईस का गं? ह्यो जित्ता बसलाय चा ढोसत! एवढं जग हिंडलीस, आन् ‘बाई, तू हे कामून नेसलीस?’ येवढं इचारायला तोंड न्हाई तुला?”

बोट रोखलेलं, पदर खोचलेला. बाईनं माफी मागायची सोडून कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटाखटा फोटो काढत सुटली. वर ‘ब्यूटिफुल, ब्यूटिफुल!’

“आता एक शांत बसलेला काढा,” मी म्हणाले.

“नको, मला हवं ते मिळालं.” गेली गाडीत बसून. चप्पल फेकावीशी वाटली मला.

काही महिन्यांनी पोस्टानं पुस्तक आलं. अख्ख्या पानावर माय, तोंड उघडं, बोट रोखलेलं. खाली इंग्रजीत छापलेलं मी वाचून दाखवलं: रागातलं सौंदर्य.

“राग कुनावर, ते लिवलंय का?”

“न्हाई.”

“कसं लिवंल!” मायनं पानावर बोट ठेवलं. “ह्योच लावा. सासूवानी गप तर न्हाई दिसत.”

भालकीला फ्रेम करायला न्यायचं म्हणून मी पान फाडलं. खालची ओळ कात्रीनं उडवली. कडेला अप्पांचा कपबशी धरलेला हात आला होता, तोही मी कापायला निघाले.

“त्यो ऱ्हाऊ दे,” माय म्हणाली. “न्हाई तर मी मेल्यावर बी लोक इचारतील, नवरा कधी गेला.”