खाली म्हणजे दर्या

दाताच्या एक्स-रेला रत्नागिरीत फोटो म्हणतात, आणि फोटो म्हटल्यावर माणसं आधी नीट बसतात. तुळसा भाटकरही खुर्चीत टेकल्या टेकल्या पदर सारखा करून बसली होती. डॉ. राजश्री माने तिसऱ्यांदा तोच फोटो काढत होती आणि बाहेर, पेशंटांच्या बाकावर, तिचे वडील डॉ. हरिश्चंद्र माने पेपर उघडून ऐकत होते. मारुती मंदिरापाशी नवा दवाखाना सुरू झाला तेव्हा लेकीने त्यांना मार्गदर्शक नेमलं होतं. मार्गदर्शकाला पेपर लागतो, एवढं त्यांना आतापर्यंत कळलं होतं.

प्रश्न तुळसाच्या वरच्या उजव्या दाढेचा होता. तिच्या तोंडात खालच्या दाढेला भेटणारी ही एवढीच शिल्लक. हिला मुळं दोन, एकामागे एक उभी. समोरून फोटो काढला तर पुढचं मूळ मागच्याला झाकतं, लग्नाच्या फोटोत उंच मामा मावशीला झाकतो तसं. मागचं मूळ धड असेल तर दाढ वाचणार होती. मोडलं असेल तर दाढ काढायची आणि तुळसाने पेजेवर राहायचं. ते कळायला डोकं जरासं वळवून तिरका फोटो हवा होता.

राजश्रीकडे पुण्याहून आणलेला होल्डर होता. तो फोटो टिपणारा सेन्सर धरतो, कोन आपोआप जमवतो, त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. तुळसाने तो दोनदा बाहेर काढला.

"तोंडात होडी पावसाळ्याची शाकारून ठेवायची हाय काय गो?"

शेवटी जुना मार्ग उरला. सेन्सर दाताच्या मागे ठेवायचा आणि पेशंटनेच तो स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरायचा. आताची पुस्तकं याला नाक मुरडतात. राजश्रीनेही थोडं मुरडलं आणि अंगठा लावून दिला. तोंड उघडलं की मान मागे जाते, म्हणून ती म्हणाली, "आजी, मान थोडी खाली."

तुळसाने मान उजवीकडे वळवली.

"खाली, आजी. खाली."

तुळसाने ती आणखी उजवीकडे वळवली.

बाहेर हरिश्चंद्रांनी पेपर मिटला.

ते कोल्हापूरहून इथे आले ते पहिलं वर्ष असंच गेलं होतं. बंदरावर, जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर दवाखाना. वर बघा म्हटलं की पेशंट एका बाजूला वळायचा, खाली बघा म्हटलं की दुसऱ्या. फोटोत दात एकमेकांवर चढलेले यायचे, एसटीच्या दाराशी माणसं चढतात तसे. हरिश्चंद्रांनी मशीनवर संशय घेतला, फिल्म धुवायचं औषध बदललं, कंपनीला दोन खरमरीत पत्रं लिहिली. माणसाच्या मानेवर संशय घ्यायचा असतो हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

तो घेतला तुळसाने. ती तेव्हा माडीखाली मासे विकायची आणि दाढ दुखते म्हणून टोपली तशीच टाकून वर आली होती.

"खाली म्हंजे दर्या," ती म्हणाली होती. "तू खाली बग सांगितलंस, मी दर्याकडं बगतंय. वर म्हंजे डोंगर. तुज्या गावात खाली काय असतं?"

"जमीन," हरिश्चंद्र म्हणाले.

"आनि दर्या?"

"दर्या नाही."

तेव्हा तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक एरवी अनाथ पोरांकडे पाहतात.

त्या दिवसापासून हरिश्चंद्र कोन कसेही मोजोत, पेशंटशी बोलायचे ते दर्या आणि डोंगर या दोनच शब्दांत. मान खाली हवी असेल तर हनुवटी छातीकडं. खुर्ची खिडकीपाशी होती. डाव्या हाताला होड्या दिसायच्या, आणि 'हलू नका' असं सांगावं लागायचं नाही. पेशंट हलायचा तो फक्त त्याची स्वतःची होडी येताना दिसली तर. धुतलेल्या फिल्मा पंख्याखाली चिमट्यांना लटकायच्या, खाडीचा वास त्यांनाही लागायचा, आणि छोटी राजश्री त्या उजेडात धरून कुणाचा दात सगळ्यात कुरूप ते ठरवायची.

मार्गदर्शनाची वेळ आली होती. हरिश्चंद्र आत गेले.

"तुळसाबाय, हनुवटी छातीकडं."

मान अलगद खाली आली. राजश्रीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी ते पाहिलं नसल्यासारखं केलं आणि सवयीच्या आवाजात म्हणाले, "आता अंमळ दर्याकडं."

तुळसाने मान उजवीकडे वळवली आणि तिचं नाक थेट मशीनच्या नळीवर आपटलं.

"तसं नाही. दर्याकडं, बाय, दर्याकडं."

तुळसाने अंगठा तोंडाबाहेर काढला, सेन्सर हातात धरला आणि सावकाश विचारलं, "डॉक्टरा, दर्या हिकडंच हाय. तू वाट चुकलास काय?"

हरिश्चंद्रांनी चारी बाजूंना पाहिलं. चार पांढऱ्या भिंती, एसी, खिडकी एकही नाही. लिफ्टमधून आलो, मग पॅसेज, मग वळलो... मनातल्या मनात दोनदा लिफ्टने वर-खाली केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बंदरावरची खुर्ची उत्तरेकडे तोंड करून होती. ही दक्षिणेकडे होती, म्हणजे दर्या आता उजव्या हाताला. इतकी वर्षं ते जी दिशा सांगत होते, ती त्यांना खिडकी सांगत होती.

राजश्री हसू दाबत होती, आणि ते दाबलं जात नव्हतं. तिने सेन्सर पुन्हा बसवला, तुळसाचा अंगठा त्यावर टेकवला आणि म्हणाली, "तुळसाआजी, डोंगराकडं. वायच."

वायच, म्हणजे जरासं. पुण्याला शिकायला गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून हरिश्चंद्रांनी ऐकला नव्हता. तिकडे कॉलेजात पोरं हसली म्हणून तिने तो टाकला होता, असा त्यांचा समज होता. विचारलं कधी नव्हतं.

तुळसाची मान वायच वळली. राजश्री दाराबाहेर जाऊन बटण दाबून आली.

स्क्रीनवर दाढ उमटली. मुळं सुटी, टोकं स्वच्छ, एकही दात दुसऱ्यावर चढलेला नाही. कॉलेजात भिंतीवर लावावा असा फोटो. आणि मागच्या मुळावर, मधोमध, केसासारखी काळी आडवी रेघ.

मुळं एकमेकांवर आली असती, तर 'बघू या दोन महिने' म्हणता आलं असतं. हरिश्चंद्रांनी असे किती दोन महिने दिले होते. काही तर दहा-दहा वर्षं चालले.

"गेली काय?" तुळसाने विचारलं.

"गेली," हरिश्चंद्र म्हणाले.

"मंग पयल्यासारखा वायट फोटो काडायचा व्हतास."

राजश्री इंजेक्शनचा ट्रे ओढायला लागली, तशी तुळसा खुर्चीतून पाय खाली सोडून म्हणाली, "आज नको गो. सुकी मुशी मासळी भिजत घातलंय."

राजश्रीने वडिलांकडे पाहिलं. सूज नव्हती, ताप नव्हता. "उद्या सकाळी या मग," ती म्हणाली. "पण त्या बाजूने चावू नका, आजी."

"मंग कुटल्या बाजूनं? दुसऱ्या बाजूला कोन हाय?"

हरिश्चंद्रांनी तिच्या हाताला धरून तिला उतरवलं.

"सावकाश खा," ते म्हणाले.

"व्हय," तुळसा म्हणाली. "आज घाई कसली."