मुठीखालचं पांढरं कडं

जून महिन्यात विलो फोर्कच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये बर्फ नसतो. उरतो तो नुसता सिमेंटचा उघडा चौक, आणि गुरुवारी तिथं म्हाताऱ्यांचे पत्ते रंगतात. तरीही त्या मंगळवारी सकाळी लोर्ना डेरकाच आपल्या दुकानाचं शटर वर करून बसली होती, आणि तेसुद्धा ओठांना लाली लावून. दुकान म्हणजे रिंकच्या दाराशी असलेली चार हात रुंद खोली. तेहतीस वर्षं ती तिथं स्केटच्या पात्यांना धार लावत होती आणि गावातल्या पोरांना काठीला टेप कशी गुंडाळायची ते शिकवत होती.

लालीचं कारण टीव्हीवाले. मागच्या बुधवारी किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या शहराचा संघ कपाचा शेवटचा सामना हरला, आणि शहरानं स्वतःलाच आग लावून घेतली. गाड्या उलथल्या, दुकानं फोडली, घोड्यावरच्या पोलिसांवर बाटल्या फेकल्या. सगळा देश शरमेनं तोंड लपवत होता. अशात कुणीतरी विलो फोर्कमधला एक फोटो सगळीकडे पाठवला. त्या संघाचा गोलरक्षक टायसन याच गावचा, म्हणून तोच सामना गावानंही रिंकमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला होता. हरल्यावर लोकांनी खुर्च्या घडी करून रचल्या, कॉफीचे कप विसळले आणि घरी गेले. खुर्च्यांच्या त्या ढिगाचा फोटो देशभर गाजला. नऊशे वस्तीच्या गावाला एका रात्रीत शहाणपणाचं प्रमाणपत्र मिळालं.

"खुर्च्या काय, आम्ही दरवेळीच घडी करतो," बर्निस म्हणाली. ती रिंकमधलं कॅन्टीन चालवायची आणि लोर्नाची शाळेपासूनची मैत्रीण होती. "नाहीतर सकाळी मलाच कराव्या लागतात. याची बातमी कसली?"

"होऊ दे की. तुझं काय जातंय?" लोर्ना म्हणाली. खरं सांगायचं तर तिला मनातून गुदगुल्या होत होत्या.

वार्ताहर मुलगी जोसलिन पूर्वेकडून विमानानं आणि मग तीन तास गाडीनं आली होती. वागायला गोड होती, प्रश्न मात्र आधीच ठरवून आणलेले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि तिनं विचारलं, "शहरात जे झालं ते पाहून तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार? लाज वाटली," लोर्ना म्हणाली. "ती हॉकीची माणसंच नव्हेत. जर्सी विकत घेतली म्हणून कुणी हॉकीचं होत नाही. आमच्याकडे पोरगं चुकलं तर सगळं गाव त्याला नावानिशी ओळखतं, म्हणून ते चुकत नाही. साधी गोष्ट आहे."

"आणि ही काठी? ही तुमच्या गावची खूण आहे म्हणे."

इथं लोर्ना खुलली. भिंतीवरची एक काठी तिनं मांडीवर घेतली. मुठीला हिरवी टेप, वरून खाली, नऊ वेढे, एकाही ठिकाणी सुरकुती नाही. तिचा नवरा पीटर गावाचा प्रशिक्षक होता, त्यानं ही पद्धत पाडली. तो गेल्यावर लोर्नानं त्यात एकच भर टाकली होती. हिरव्याच्या खाली तीन बोटं जागा सोडून टेपचं एक पांढरं कडं.

"हिरवी मूठ गावातला कुणीही करतो," ती कॅमेऱ्याला सांगू लागली. "पण पांढरं कडं फक्त माझ्या हातचं. ते दुसऱ्या कुणी घालायचं नाही, तसा इथला रिवाजच आहे. पीटरच्या नावानं घालते मी. पूर्वी सगळ्या संघाच्या काठ्या करायचे. टेप एका हंगामात झिजते, दरवर्षी नवी घालावी लागते. पण आता बोटं आखडतात. यंदा अख्ख्या वर्षात एकच केली. माझ्या क्लेटनची. तो सामना बघायला शहरात गेला ना, टायसनची सही घ्यायला काठी हवी होती त्याला. दोघं एकाच बाकावर बसायचे."

"मग मिळाली सही?"

"कुठली! गर्दीत काठीच हरवली बिचाऱ्याची."

जोसलिन हसली. कॅमेरेवालाही हसला. "हे फार छान झालं," ती म्हणाली, "संध्याकाळी सहाच्या बातम्यांत दाखवू." आणि दोघं जेवायला पेट्रोल पंपाजवळच्या कॅफेत गेली.

अर्ध्या तासानं बर्निस आली. तिच्या हातात आजचा पेपर होता. पेपर तिनं धार लावायच्या यंत्रावर पसरला आणि बोट ठेवलं.

पोलिसांनी कालच दिलेला नवा फोटो होता. जुने फोटो लांबून काढलेले, धुराचे. हा जवळून होता. औषधाच्या दुकानाच्या दारात पांढरा कोट घातलेला एक माणूस हात पसरून उभा होता. त्याच्यासमोर एक जण, तोंडावर रुमाल बांधलेला, डोक्यावर टोपी ओढलेली, दोन्ही हातांनी काठी उगारून. खाली लिहिलं होतं की दुकानातला तो कामगार सहा दिवस बेशुद्ध आहे, आणि मारणाऱ्याला कुणी ओळखत असेल तर कळवावं.

तोंड दिसत नव्हतं. मूठ दिसत होती. हिरवी, आणि खाली तीन बोटांवर पांढरं कडं.

लोर्नानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यानं फोटो बदलणार नव्हता.

"पांढरं कडं कुणीही घालू शकतं," बर्निस म्हणाली.

"हो."

"शहरात काय कमी टेप मिळते?"

"हो गं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. लोर्नानं लाली हाताच्या पाठीनं पुसून टाकली आणि कॅफेकडे चालायला लागली.

जोसलिन बटाट्याच्या फोडी खात होती. लोर्ना उभ्याउभ्याच म्हणाली, "ते काठीचं आहे ना, तेवढं काढून टाकता येईल का?"

"का हो? तेच तर सगळ्यात छान आहे."

"मी फार बडबडले. बरं नाही दिसत."

"अजिबात नाही. लोकांना तेच आवडेल." मग जोसलिननं काटा खाली ठेवला. "काही झालंय का?"

"कुठं काय? काही नाही." लोर्ना वळली. दारातून बाहेर पडताना काचेत तिला दिसलं की ती मुलगी शेजारच्या टेबलावरचा पेपर ओढून घेत होती. आपणच आपल्या हातानं तिला बोट दाखवून दिलं, हे लोर्नाला रस्त्यावर आल्यावर कळलं. आता मागे जाऊन काय सांगणार, कपाळ?

क्लेटन घरी स्वयंपाकघरात उभा राहून कालचे बटाटा भरलेले पेरोगी थंडच खात होता. सव्वीस वर्षांचा बाप्या, धान्याच्या कोठारावर कामाला. शुक्रवारी बसमधून उतरला तेव्हा उजव्या पंजाला फडकं गुंडाळलेलं होतं. कुणाच्या तरी गाडीच्या दारात सापडला म्हणाला, आणि तिनं बर्फ लावून दिला होता. तिला आता त्या बर्फाचीच लाज वाटली.

तिनं पेपर टेबलावर ठेवला. त्यानं बघितलं आणि चावणं थांबवलं.

"तो दारातून हलत नव्हता, आई," तो म्हणाला. "सगळे ढकलत होते. मी म्हटलं त्याला, बाजूला हो. तो म्हणाला, घरी जा बाळा. सगळ्यांसमोर. बाळा म्हणाला मला."

"म्हणून मारलंस?"

"मला नाही माहीत." त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "इथं मी पीटर डेरकाचचा पोरगा. टायसन पुढं गेला आणि मी राहिलो, हे पंपावरच्या पोरालासुद्धा माहीत. तिथं तोंडाला रुमाल बांधला आणि मी कुणीच नव्हतो. जन्मात पहिल्यांदा. बरं वाटलं मला. तेच तर वाईट आहे, बरं वाटलं."

लोर्नाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. "कर्टिसकडे जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आपण होऊन गेलास तर वेगळं असतं." कर्टिस गावचा पोलीस सार्जंट, पीटरच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला.

"आणि नाही गेलो तर? त्यांच्याकडे आहे काय? एक काठी. गावात अशा पन्नास काठ्या असतील."

"नाहीत," लोर्ना म्हणाली, आणि सकाळी कॅमेऱ्यासमोर काय बोलली ते तिनं त्याला सांगितलं. एकेक शब्द सांगताना तिला तो नव्यानं ऐकू येत होता. आपला आवाज इतका मिरवणारा आहे, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

क्लेटन पांढराफटक पडला. "ते थांबव," तो म्हणाला. "काहीही कर, पण थांबव."

"थांबत नाही आता."

"मग म्हण, चुकून बोलले. म्हण, खूप काठ्या केल्या. एवढं तर करशील ना माझ्यासाठी?"

तिनं पेपरची घडी घातली. तो मागच्या दारानं निघून गेला. कर्टिसच्या घराची वाट पुढच्या दारानं जाते.

साडेपाचला अख्खं गाव रिंकमध्ये जमलं. स्वतःला टीव्हीवर बघायचं, मग काय! बायकांनी केस सेट केले होते, बर्निसच्या कॅन्टीनमध्ये कांदा तळला जात होता, खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. पण लोर्ना आत शिरली तेव्हा गलका जरा खाली आला आणि उगाचच जास्त मोठ्यानं परत वर चढला. पेपर सगळ्यांनीच वाचला होता. दाराजवळच्या काठ्यांच्या रॅककडे तिचं लक्ष गेलं. सकाळी तिथं वीसेक काठ्या होत्या, हिरव्या मुठीच्या. आता मुठी उघड्या लाकडाच्या होत्या. कुणीतरी, किंवा बऱ्याच जणांनी, टेप सोलून काढली होती. खालचा कचऱ्याचा डबा हिरव्या चिकट गोळ्यांनी भरला होता.

कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी ठरवलं नव्हतं. लोर्नाला भीती वाटली ती त्याचीच.

जोसलिन खरं तर दुपारीच विमानतळाकडे निघणार होती. ती भिंतीशी उभी होती, कॅमेरेवाला शेजारी, आणि लाल दिवा लागलेला. कर्टिस शेवटच्या ओळीत गणवेशात बसला होता. क्लेटन बाजूच्या दाराला टेकून उभा होता. घरात एकटं लपून बसण्यापेक्षा गावात मिसळून राहणं बरं, असा काहीतरी हिशेब त्यानं केला असावा.

सहा वाजले. आधी गाव दिसलं, पाण्याची टाकी दिसली, खुर्च्यांचा ढीग दिसला. टाळ्या पडल्या. मग पडद्यावर लोर्ना आली, लाली लावलेली, दुप्पट मोठी. "आमच्याकडे पोरगं चुकलं तर सगळं गाव त्याला नावानिशी ओळखतं." टाळ्या कमी झाल्या. "यंदा अख्ख्या वर्षात एकच केली. माझ्या क्लेटनची." टाळी एकही नाही. त्यापाठोपाठ तो फोटो आला, मुठीवर गोल काढून, आणि निवेदकाचा सपाट आवाज. दुकानातला कामगार आज दुपारी रुग्णालयात वारला. नाव रमोन व्हिलानुएवा, वय एकावन्न, मागं बायको आणि दोन मुली.

पडदा बंद करायला कुणी उठलं नाही. कर्टिस उठला, ओळीओळीतून वाट काढत लोर्नासमोर आला आणि टोपी काढली.

"डेरकाचबाई," तो म्हणाला, "मला विचारावंच लागेल. यंदा किती काठ्यांना पांढरं कडं घातलंत तुम्ही?"

ती तोंड उघडायच्या आतच बर्निस काउंटरमागून ओरडली, "माझ्या नातवाच्या काठीला घातलं होतं! मी स्वतः बघितलंय!"

"आमच्याही," मागून एक बाप्या म्हणाला.

"आमच्या दोन्ही पोरांच्या."

"अहो, टीव्हीसमोर घाबरली ती, आकडा चुकली! एवढं काय धरून बसायचं?"

आता सगळेच बोलू लागले. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी, घराला कधी कुलूप न लावणारी माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडात एक पांढरं कडं. तिच्यासाठीच बोलत होती. पीटरसाठी, गावासाठी, ढिगानं रचलेल्या त्या खुर्च्यांसाठी. लोर्नाला कळत होतं की तिनं नुसती मान हलवली तरी पुरे आहे. बाकीचं गाव सांभाळून घेईल, आणि मग उरलेलं आयुष्य गाव तिला आणि क्लेटनला सांभाळतच राहील. भोवतालच्या त्या चेहऱ्यांपैकी एकावरही रुमाल नव्हता, तरी तिला एकही ओळखू येईना.

तिनं क्लेटनकडे पाहिलं. तो मान हलवत होता. नको, नको. लहानपणी बर्फावर पडला की असाच हलवायचा, आई येऊ नको म्हणून.

"आणि त्या माणसाला बाळा म्हणायची सवय असेल," लोर्ना म्हणाली. "दोन मुली होत्या ना."

"काय म्हणालात?" कर्टिसनं विचारलं.

बर्निसनं हातातली कढई खाली ठेवली.

"एकच," लोर्ना म्हणाली. "सकाळी सांगितलं तेच खरं आहे, कर्टिस. एकच काठी केली मी."

बाजूचं दार वाजलं, पण उघडलं नाही. क्लेटन तिथंच खाली बसला होता, पाठ दाराला लावून. लोर्ना उठली, आपली खुर्ची तिनं घडी केली, भिंतीशी नेऊन ठेवली आणि त्याच्याकडे चालत गेली. तिच्यासाठी वाट सोडायला लोक बाजूला सरले, आणि सरताना कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.