शिंग्रोबापासून खाली

कर्जतच्या अप्पा वकिलांची जुनी परदेशी गाडी सदू चाळीस वर्षं चालवत होता. लाल कातडी सीटा, लाकडी डॅशबोर्ड, पुढे लखलखणारा बंपर. ती बाजारातून निघाली की माणसं अजून हातातलं काम टाकून बघायची. अप्पांच्या नातवाला, यज्ञेशला, मात्र ती अंगणातली अडगळ वाटे. त्याने स्वतःला नवी महागडी गाडी घेतली आणि जुनीला कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या रिसॉर्टचं गिऱ्हाईक आणलं. तिथे ती दारात उभी करून तिच्यात कुंड्या ठेवणार होते.

अप्पा म्हणाले, "दोन्ही गाड्या खोपोलीहून घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढवा आणि परत उतरवा. जुनी धड खाली आली, तर घरीच राहील."

चढ जुनीने झकास काढला. शिंग्रोबाला नारळ फुटला. आता उतार होता, आणि सदूची पाचावर धारण बसली होती. गेले चार दिवस पेडल दोनदा दाबल्याशिवाय तिचा ब्रेक लागत नव्हता. सांगितलं असतं तर कुंड्या त्याच दिवशी चढल्या असत्या, म्हणून पठ्ठ्या मूग गिळून गप्प बसला. अप्पा नव्या गाडीत बसले होते. आपण एकटेच आहोत, गिअरवर उतरवू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"माझी गाडी जरा कुठे बिघडली की लगेच बोंबलते," यज्ञेश हसून म्हणाला. "तुमची काय करते, सदूकाका?"

"आमची सोसती."

तेवढ्यात यज्ञेशची सात वर्षांची मुलगी ईशानी जुनीचं मागचं दार उघडून आत चढली. "बाबाच्या गाडीत मला मळमळतं. मी सदूआजोबांबरोबर येणार."

"नको गं बाय, वळणं लय हायत."

"वळणं दोन्ही गाड्यांना तीच," यज्ञेश म्हणाला. "की तुमचाच भरवसा नाही हिच्यावर?"

सदू स्टिअरिंगवर बसला. इंजिन सुरू करून त्याने पेडल दाबलं. ते थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. आता गाडी नुसत्या हँडब्रेकवर उभी होती. आरशात ईशानी सीटवर गुडघे टेकून देवळाकडे बघत होती.

त्याने इंजिन बंद केलं, पोरीला हाताला धरून उतरवलं आणि अप्पांच्या खिडकीपाशी जाऊन किल्ली पुढे केली.

"ब्रेक गेलाय, अप्पा. चार दिस झालं खराब हाय. मी बोललो नाय."

"आणि तसाच उतरणार होतास?"

"एकटाच व्हतो ना."

"अरे, समोरून माणसं येत नाहीत का?"

चार दिवसांत हे सदूच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. शरमेने त्याला मान वर करवेना.

चाकांना दगड लावून जुनी देवळापाशीच ठेवली. सदू नव्या गाडीत ईशानीशेजारी बसला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या सीटवर. निघताच गाडी टिंगटिंग वाजायला लागली, थांबेचना.

"काय झालं हिला?"

"तुम्ही पट्टा लावला नाही ना, ते सांगतेय ती," ईशानी म्हणाली, आणि ओणवी होऊन तिनेच त्याचा पट्टा लावून दिला.

गाडी गप्प झाली. सदूला मात्र रडू आवरेना.