सहाशे बारा पानं आणि एक कागद

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं कोर्टात काढल्यावर गोड बोलणं कुठून येणार?

कारखान्यात माझे सुटे भाग जुळवले गेले, तपासनिसाने 'ठीक' म्हणून शिक्का मारला आणि मी थेट न्यायाधीशांच्या खालच्या टेबलावर येऊन बसलो. माझ्यापुढे बाई बसत. सगळं कोर्ट त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. साक्षीदार बोलायचा आणि बाई टाइप करायच्या. तो अडखळला तर तसं, रडला तर तसं. नव्या टंकलेखकांना त्या दटावायच्या, "आपण इथे गाळायला बसलेलो नाही. बोललं ते उतरवायचं." न्यायाधीश म्हणायचे, बाईंचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हा माझी घंटासुद्धा तोऱ्यात वाजायची!

मग कॉम्प्युटर आले. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली ढकललं. चांगली सहा वर्षं धूळ खाल्ली. बाईंनी निवृत्त होताना रीतसर अर्ज करून मला घरी नेलं, म्हणून वाचलो.

घरात बाई एकट्या. का, ते मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून कळलं. बाईंना एक मुलगा होता. मी कोर्टात होतो त्याच काळात तो एके दिवशी शिक्षण सोडतो म्हणाला. शब्दाने शब्द वाढला आणि बाई कडाडल्या, "चालता हो इथून!" तो खरंच चालता झाला. आठवड्याने त्याने आपला पत्ता कळवला. बाई हट्टाला पेटलेल्या. आधी त्याने माफी मागावी, मग बघू, म्हणाल्या. अडीच महिन्यांनी तो एका इमारतीच्या बांधकामावरून पडला आणि गेला.

त्या मुलावर बाईंनी माझ्याकडून कादंबरी लिहून घेतली. चार वर्षं, सहाशे बारा पानं. कादंबरीतला मुलगा मात्र शेवटच्या प्रकरणात परत येतो. दारात चपला काढतो, पाणी मागतो, आईशी फारसं न बोलता जेवायला बसतो. ती चाळीस पानं टाइप करताना बाई मध्येच हसायच्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी एका प्रकाशकाला विचारलं, तर त्याचं पत्र आलं. कादंबरीचा सारांश पाठवा, एका पानात, शेवटासह. तो आवडला तरच कादंबरी वाचू. मुदत पंधरा दिवसांची.

बाईंचा पहिला सारांश अकरा पानांचा झाला. बहीण कपाळावर हात मारून म्हणाली, "ताई, सारांश मागितलाय गं. तू तर कादंबरीला पिल्लू घातलंस!"

बाई पुन्हा बसल्या. मावशी गाळली तर मुलगा पैसे कुणाकडून घेतो ते कळेना. पाऊस गाळला तर तो स्टेशनवर का थांबला ते कळेना. ज्या बाईने जन्मात साक्षीदाराचा उसासासुद्धा गाळला नाही, तिने माणसं कशी गाळावीत? चुरगळलेल्या कागदांनी टोपली भरली, पाठ धरली, जेवणं थंड झाली. माझी शाईची फीत झिजली आणि बाईही.

चौदाव्या दिवशी दुपारी बहीण स्टूल ओढून समोर बसली. "आता मी वकील आणि तू साक्षीदार. तूच बोल आणि तूच उतरव. बोल, काय होतं तुझ्या कादंबरीत?"

"एक बाई मुलाला घराबाहेर काढते," बाई म्हणाल्या आणि सवयीने बोटं चालू लागली.

"पुढे?"

"त्याचा पत्ता येतो. ती लिहीत नाही."

असं विचारत विचारत पाऊण पान भरलं. मग बहिणीने विचारलं, "आणि शेवट?"

"तो परत येत नाही," बाई म्हणाल्या. बोललं ते मी उतरवलं.

बहीण हळूच म्हणाली, "अगं, पुस्तकात येतो ना तो?"

"पुस्तकात येतो."

"मग तेवढं एक वाक्य बदल."

बाईंनी कोरा कागद चढवला. त्यांना जमेना. चाळीस पानांत ज्याला हळूहळू दारापर्यंत आणलं होतं, तो एका ओळीत काही येईना. "ही खोटी साक्ष होते गं," एवढंच बोलून त्या उठल्या. मुदत संपत होती, म्हणून बहिणीने आधीचाच कागद पाकिटात घातला. बाईंनी तिला अडवलं नाही.

महिन्याने उत्तर आलं. सारांश फार आवडला, विशेषतः शेवट. कादंबरी ताबडतोब पाठवा.

बहीण नाचायचीच बाकी राहिली. "ताई, चाळीसच पानं तर बदलायची! बाकी पाचशे बहात्तर तशीच राहतील!"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. कागद चढवून 'प्रकरण शेवटचं' एवढं टाइप केलं. बोटं माझ्या कळांवर टेकलेली, पण एकही कळ खाली जाईना. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद ओढून काढला.

"एकदा हाकललंय मी त्याला घरातून," त्या म्हणाल्या. "आता कुठे येऊन बसलाय. पुन्हा नाही हाकलणार."

बहिणीला रडू आवरेना. पत्राला उत्तर गेलं नाही. गठ्ठा कपाटात गेला, मी आच्छादनाखाली गेलो. बाई आता काही लिहीत नाहीत. जेवायला बसल्या की मात्र कपाटाकडे बघतात.

शेवटी थोडं तेल, थोडी माया मागायची, अशी आम्हा जुन्या यंत्रांची रीत असते. मला काही नको. फीत वाळली, वाळू दे. पण त्या सहाशे बारा पानांत बाईंना एवढंच म्हणायचं होतं, की घरी ये. पत्ता आला तेव्हा ते एका कार्डावर मावलं असतं. आणि त्या अडीच महिन्यांत मी रोज दहा ते पाच त्यांच्या बोटांखाली होतो, मित्रांनो. तुमच्याकडे असा कुणाचा पत्ता आलेला असेल, तर आज लिहा.