एक लांब, दोन तुटक

वाटाण्याएवढा तो काळा माइक आजीच्या सुती पदराला धरेचना, सारखा लोंबायचा, आणि विनीत तो तिसऱ्यांदा लावत होता तेव्हा त्याच्या डोक्यात आत्ताच टाळ्या वाजायला लागल्या होत्या – कारण ही गोष्ट त्याची होती ना! अंबरनाथच्या पुलावर इंजिनांचे व्हिडिओ काढायला जमणाऱ्या सगळ्या पोरांत फक्त त्याचीच. डिझेल म्हणजे नुसता डबा रे, वाफेचं इंजिन म्हणजे जितं जनावर, असं म्हणून तो सुरू करायचा... मग सुदाम आजोबा, कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे माल नेणाऱ्या आतल्या रुळांवर, काळं इंजिन चालवणारे, ड्युटी संपताना एक लांब नि दोन तुटक शिट्या द्यायचे, आणि पलीकडच्या चाळीत आजी त्या बरोब्बर ओळखून भात टाकायची – इथे पुलावरची शलाका म्हणायची, "कसलं भारी रे!" दर वेळी.

आज तीच शलाका कॅम्प चार वस्तीतल्या विनीतच्या घरात मोबाइल धरून आजीसमोर बसली होती, शेजारी पुलावरचाच महेश.

"आजी, आजोबांची शिटी ऐकली की काय वाटायचं?" विनीतने विचारलं.

"भात टाकायचे. आणि हात कापायचे." आजी भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "ताट वाढलेलं नसलं की पट्टा निघायचा ना यांचा. एकदा भगवंत ड्रायव्हरची शिटी मी यांची समजले. हे आले तोवर भात गार." तिने मनगट जरासं फिरवलं... ते वाकडंच होतं. विनीतला वाटायचं, जन्मापासूनच – छे, वाटायचंही नाही. त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"आणि डिझेल आल्यावर?" महेशने उगाच विचारलं.

"त्याचा भोंगा मेला सगळ्यांचा सारखाच. कधी येतील कळायचंच नाही. मग काय, दुपारपासून स्टो पेटलेलाच."

आजोबा... खांद्यावर बसवून इंजिनं दाखवणारे, तो पडू नये म्हणून दोन्ही पाय घट्ट धरणारे, त्याच हातांनी... नको, आत्ता नको –

"भाई, भात टाकायचे, एवढंच ठेवू," महेश कुजबुजला. "बाकी कट. रविवारी इंजिनवाल्यांच्या मीटला पन्नास जण येतायत, तुझीच गोष्ट ऐकायला."

शलाकाने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. ती विनीतकडे बघत होती.

तसंच ठेवू म्हण, सगळं ठेवू म्हण, म्हण ना... तो स्वतःला म्हणत राहिला, आणि तोंडातून निघालं भलतंच, तेही चढ्या आवाजात, "आजी, परत सांग बघू. नीट सांग."

आजी पटकन ताठ बसली.

"कसं सांगू?"

इतकी पटकन, जणू शिटीच वाजली... ना राग, ना का म्हणून विचारणं. आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, विनीतला तिचं ते ऐकणं बरं वाटलं होतं.